बेताचा श्वास



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, त्या डॉक्टरांची एक रीत इथल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. रुग्णाच्या नातेवाइकांना समोर बसवून, कागदावर आकृती काढून ते आजार समजावून सांगत. त्यांच्या नावाच्या व्याख्यानात तीच रीत पाळावी, म्हणून मी असा विषय निवडला आहे की ज्याची वेळ येते तेव्हा समजून घ्यायला कुणाला उसंत नसते. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या माणसाला "पेशंटला मशीनवर ठेवलंय" एवढेच सांगितले जाते. मशीन म्हणजे व्हेंटिलेटर. ते श्वास देते, हे सर्वांना माहीत असते. तो श्वास केवढा असावा आणि किती दाबाने आत जावा, हा प्रश्न मात्र बाहेर कुणी विचारत नाही, आणि आतही तो हवा तितक्या वेळा विचारला जात नाही. रुग्ण जगणार की दगावणार, हे ठरण्यात या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा वाटा असतो.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. यंत्राने श्वास द्यायचा तर तो बेताचा द्यावा, आणि बेत मोजून ठरवावा.

आधी थोडे शरीराचे गणित. आपण श्वास घेतो तेव्हा श्वासपटल खाली सरकते, छाती फुलते आणि हवा आत ओढली जाते. म्हणजे निसर्गाची पद्धत ओढून घेण्याची आहे. व्हेंटिलेटर नेमका उलटा चालतो. तो घशातून श्वासनलिकेत टाकलेल्या नळीवाटे हवा आत ढकलतो. ढकलायचे म्हटले की दाब आला. हा दाब आम्ही पाण्याच्या स्तंभाच्या उंचीने, सेंटीमीटरमध्ये मोजतो. दाब ३० म्हणजे सुमारे एक फूट उंच पाण्याचा भार. ज्या वायुकोशांच्या भिंती केसाहूनही कितीतरी पातळ असतात, त्यांच्यावर हा भार मिनिटाला पंधरा-वीस वेळा येतो आणि दिवसरात्र येत राहतो.

ढकलून श्वास देण्याची पद्धत सर्वमान्य झाली ती कोपनहेगन शहरात, १९५२ साली. त्याआधी पोलिओने श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांना 'आयर्न लंग' नावाच्या लोखंडी पेटीत ठेवत. बोस्टनमध्ये ड्रिंकर आणि शॉ यांनी १९२८ साली ती प्रथम वापरली होती. मान बाहेर, धड पेटीत, आणि पेटीतली हवा काढून छाती फुलवायची, अशी ती योजना. १९५२च्या उन्हाळ्यात कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात पोलिओची लाट आली. तिथे अशी मोठी पेटी एकच होती, जोडीला छातीवर बसवायची काही लहान उपकरणे. यंत्रावर ठेवलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. विभागप्रमुख लासेन यांनी तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावले. २७ ऑगस्ट रोजी इब्सेन यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद देववून नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. ती वाचली. मग शहरातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना बोलावणे गेले. सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून, उशाशी बसून, कित्येक आठवडे पिशव्या दाबत राहिले. मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहूनही खाली उतरले. आजच्या अतिदक्षता विभागाचा जन्म याच घटनेतून झाला, असे मानतात.

या यशाने एक समजूत मात्र मागे ठेवली. पोलिओच्या त्या रुग्णांची फुप्फुसे मुळात बहुतांशी धडधाकट होती, लुळे पडले होते ते स्नायू. धडधाकट फुप्फुस भरपूर हवा सोसते. पुढे १९६३ साली बेंडिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की भुलेखाली लहान श्वास देत राहिले तर फुप्फुसाचे काही भाग मिटतात आणि रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मोठा श्वास दिला की तो सुधारतो. मोठा श्वास चांगला, हा पाठ पक्का झाला. निरोगी माणूस शांत बसलेला असताना शरीराच्या दर किलोमागे सहा-सात मिलिलिटर हवा घेतो. व्हेंटिलेटरवर दहा ते पंधरा मिलिलिटर देण्याची प्रथा पडली आणि कित्येक पिढ्यांचे डॉक्टर तीच शिकून बाहेर पडले.

१९६७ साली डेन्व्हरच्या अ‍ॅशबॉ, पेटी आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये बारा रुग्णांची हकिगत छापली. कुणाला अपघात झाला होता, कुणाला न्यूमोनिया, कुणाला स्वादुपिंडाचा दाह. कारणे वेगवेगळी, पण फुप्फुसांची अवस्था एकच. ती पाण्याने भरलेली, कडक झालेली आणि ऑक्सिजनला दाद न देणारी. बारापैकी सात जण गेले. या अवस्थेला आज आम्ही एआरडीएस म्हणतो. २००९ साली स्वाइन फ्लूने पुण्यात आणि २०२०-२१ साली करोनाने सगळ्या महाराष्ट्रात जे रुग्ण व्हेंटिलेटरवर गेले, त्यांतल्या बहुसंख्यांचा आजार हाच होता. पावसाळ्यात लेप्टोने, डेंग्यूने किंवा मलेरियाने अत्यवस्थ झालेल्या रुग्णातही तो दिसतो. डेन्व्हरच्या डॉक्टरांना त्या वेळी एक उपयोगी गोष्ट सापडली होती. उच्छ्वास संपतानाही फुप्फुसात थोडा दाब शिल्लक ठेवला तर वायुकोश मिटत नाहीत. या शिल्लक दाबाला आमच्या बोलीत 'पीप' म्हणतात.

हाच दाब तारतो कसा, याचे सर्वांत साधे उदाहरण नवजात बाळांचे आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वायुकोश दर उच्छ्वासाला मिटतात. १९७१ साली सॅन फ्रान्सिस्कोत जॉर्ज ग्रेगरी यांनी अशा वीस बाळांच्या श्वासमार्गात सतत थोडा दाब राखला, त्यांतली सोळा वाचली. आज आपल्याकडच्या नवजात बाळांच्या कक्षांत याचे एक साधे रूप पाहायला मिळते. बाळाच्या नाकाला नळ्या लावलेल्या असतात आणि उच्छ्वासाच्या नळीचे टोक बाटलीतल्या पाण्यात पाच सेंटीमीटर बुडवलेले असते. पाण्यात बुडबुडे येत राहतात आणि बाळाच्या फुप्फुसात पाच सेंटीमीटरचा दाब टिकून राहतो. नळी आठ सेंटीमीटर बुडवली की दाब आठ. इथे दाब डोळ्यांना दिसतो.

आता दाब मारतो कसा, ते पाहू. १९७४ साली वेब आणि टिअर्नी यांनी निरोगी उंदरांना व्हेंटिलेटरवर ठेवले. दाब चौदा होता तेव्हा उंदरांना काही झाले नाही. तो ४५वर नेला आणि पीप शून्य ठेवली, तेव्हा तासाभरात फुप्फुसे पाण्याने भरली आणि उंदीर मेले. दाब ४५च, पण पीप दहा ठेवली, तेव्हा वायुकोशांत पाणी भरले नाही. म्हणजे निरोगी फुप्फुसही निव्वळ यंत्राच्या श्वासाने बिघडू शकते, आणि दर श्वासाला मिटणे-उघडणे हा त्या इजेचा मोठा भाग आहे. पुढे १९८८ साली फ्रान्समध्ये ड्रेफस आणि सोमाँ यांनी उंदरांच्या छातीला बाहेरून पट्टा आवळला. मग दाब तेवढाच देऊनही इजा झाली नाही, कारण छाती फुलू शकली नाही. फुप्फुसाला खरा जाच ताणण्याचा होतो. नळीत दिसणारा दाब ही त्या ताणाची खूण आहे आणि ती अचूक वाचावी लागते.

त्याच सुमारास मिलानमध्ये लुचिआनो गॅटिनोनी यांनी एआरडीएसच्या रुग्णांचे सीटी स्कॅन काढले. तोवर समज असा होता की सगळे फुप्फुस सारखेच कडक झालेले असते. स्कॅनवर दिसले निराळेच. पाठीकडचा बराच भाग मिटलेला, पाण्याने भरलेला, हवेला बंद. छातीकडचा थोडासा भाग उघडा, आणि तो जवळजवळ निरोगी. मोठ्या माणसाच्या छातीत काम करणारे फुप्फुस लहान मुलाएवढेच उरले होते. शंभर पानांचा स्वयंपाक करावा, पंगतीला वीसच माणसे बसावीत आणि वाढप्याने सगळी पातेली त्या वीस जणांच्या पानांत रिकामी करावीत, तसे आम्ही त्या उरलेल्या भागाशी वागत होतो. हवा शंभरांची, घेणारे वीस.

मग काहींनी उलट वाट धरली. न्यूझीलंडमध्ये हिकलिंग यांनी १९९० साली आपल्या रुग्णांची हकिगत मांडली. त्यांनी श्वास मुद्दाम लहान ठेवला, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला तर साचू दिला, आणि मृत्यू अपेक्षेपेक्षा कमी झाले. साओ पाउलोचे मार्सेलो अमातो यांनी १९९८ साली ५३ रुग्णांवर तुलना करून पाहिली. लहान श्वास, कमी दाब आणि पुरेशी पीप मिळालेल्या गटात २८ दिवसांतले मृत्यू ३८ टक्के, जुन्या पद्धतीच्या गटात ७१ टक्के. आकडे थक्क करणारे होते, पण रुग्ण थोडे होते.

निर्णायक पुरावा २००० साली आला. अमेरिकेतल्या दहा विद्यापीठांच्या रुग्णालयांनी मिळून ८६१ रुग्णांची चिठ्ठी पद्धतीने विभागणी केली. एका गटाला किलोमागे बारा मिलिलिटरचा श्वास दिला, दाबाची मर्यादा ५०. दुसऱ्या गटाला सहा मिलिलिटर, मर्यादा ३०. मृत्यू पहिल्या गटात ३९.८ टक्के, दुसऱ्यात ३१ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की ठरल्यापेक्षा आधीच चाचणी थांबवली. अकरा-बारा रुग्णांमागे एक जास्तीचा जीव वाचत होता. त्यासाठी नवे औषध लागले नाही की नवे यंत्र. यंत्र तेच होते, फक्त त्यावरचे आकडे खाली आणले होते.

या चाचणीतली एक गोष्ट मला अतिशय मोलाची वाटते. पहिल्या एक-दोन दिवसांत मोठ्या श्वासाच्या गटाचा ऑक्सिजन जास्त चांगला होता. त्या दिवशी कुणी राउंडला आला असता, तर त्याने बारा मिलिलिटरवाल्या रुग्णाकडे पाहून समाधानाने मान हलवली असती. तोच गट पुढे जास्त दगावला. याचे कारण असे, की एआरडीएसचे बहुतेक रुग्ण ऑक्सिजनअभावी जात नाहीत. मूत्रपिंड, यकृत, हृदय, असे एकेक अवयव निकामी होत जातात आणि रुग्ण जातो. ताणलेल्या फुप्फुसातून दाह पेटवणारी रसायने रक्तात उतरतात आणि ती इतर अवयवांपर्यंत पोहोचतात. टोरांटोचे आर्थर स्लट्स्की आणि त्यांचे सहकारी हा विचार आधीपासून मांडत होते. २०००च्या चाचणीतही लहान श्वासाच्या गटात अशा एका रसायनाची रक्तातली पातळी जास्त उतरलेली दिसली. आजचा सुंदर आकडा आणि पुढच्या महिन्यातला जिवंत रुग्ण, या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

या चाचणीवर आक्षेपही आले. बारा मिलिलिटर हे तोवर काहीशा खाली आलेल्या चालू प्रथेपेक्षा जास्त होते, मग तुलना रास्त कशी, असे टीकाकार म्हणाले. आक्षेप गंभीर होता आणि त्यामुळे पुढचा विचार अधिक नेमका झाला. २०१५ साली अमातो यांनी नऊ चाचण्यांतल्या ३,५६२ रुग्णांची माहिती एकत्र अभ्यासली. त्यातून पुढे आला तो 'ड्रायव्हिंग प्रेशर'. श्वास पूर्ण भरल्यावरचा दाब वजा पीप, म्हणजे प्रत्येक श्वासाला फुप्फुसावर पडणारा जादा ताण. हा फरक सात सेंटीमीटरने वाढला की मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेला दिसला. जमा केलेल्या माहितीतून दिसलेला हा संबंध आहे. त्याला हुकूम मानू नये, पण खाटेपाशी उभे राहून विचार करायला तो फार उपयोगी आहे.

आता प्रत्यक्ष खाटेपाशी जाऊ. समजा, एक बाई आहेत, वजन ७८ किलो, उंची १५२ सेंटीमीटर. श्वास किती द्यायचा? घाईत वजनाला सहाने गुणले तर ४६८ मिलिलिटर येतात, आणि हिशेब बरोबर वाटतो. पण फुप्फुसाचा आकार उंचीवर ठरतो. माणूस जाड झाला म्हणून त्याचे फुप्फुस मोठे होत नाही. उंचीच्या सूत्राने या बाईंचे हिशेबी वजन निघते ४५ किलो, आणि श्वास येतो २७० मिलिलिटर. ४६८ म्हणजे त्यांच्या फुप्फुसाला किलोमागे दहाच्या वर. डॉक्टरने सहाचाच नियम पाळला, तरी रुग्णाला जुनीच मात्रा मिळाली. आपल्याकडच्या केसपेपरवर वजन असते, उंचीची जागा बहुधा कोरी असते. रुग्ण उभा राहू शकत नाही म्हणून उंची घेतली नाही, असे कारण मिळते. निजलेल्या माणसाची उंची डोक्यापासून टाचेपर्यंत शिंप्याच्या टेपने घेता येते, दोन माणसांचे एक मिनिटाचे काम आहे. जगभरच्या एका मोठ्या पाहणीत असे आढळले की उंचीने कमी असलेल्या महिलांना हा लहान श्वास मिळण्याची शक्यता कमी असते. कोरी जागा कुणाच्या जिवावर बेतते, ते यावरून कळावे.

दुसरी गोष्ट दाबाची. मशीनच्या पडद्यावर जो सर्वोच्च दाब दिसतो, त्यात नळीतून हवा जाताना होणाऱ्या घर्षणाचाही वाटा असतो. नळीत कफ अडकला तरी तो वाढतो. वायुकोशांवर खरोखर किती दाब आहे, हे जाणून घ्यायचे तर श्वास आत गेल्यावर हवा अर्धा सेकंद रोखून धरायची. त्यासाठी मशीनवर बटण असते. हवा थांबली की घर्षण संपते, आकडा खाली येतो आणि एका पातळीवर स्थिरावतो. तो 'प्लॅटो प्रेशर'. आपल्या बाईंचे उदाहरण घ्या. सर्वोच्च दाब ३८, हवा रोखल्यावर २६, पीप १०. म्हणजे प्लॅटो तिसाच्या आत आहे, पण ड्रायव्हिंग प्रेशर १६, म्हणजे अंमळ जास्त. श्वास आणखी थोडा लहान करून पाहावा, पीप तपासावी, असे तो आकडा सांगतो. २०१६ साली पन्नास देशांतल्या ४५९ अतिदक्षता विभागांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात एआरडीएसच्या रुग्णांपैकी ४० टक्क्यांच्याच प्लॅटो प्रेशरची नोंद सापडली, आणि रुग्णालयातले मृत्यूही ४० टक्के होते. अर्ध्या सेकंदाची ही मोजणी जगभरात निम्म्याहून अधिक रुग्णांच्या वाट्याला आली नव्हती.

कमी दाब चांगला, मग पीप चढवून मिटलेले सगळे फुप्फुस उघडले तर आणखी चांगले, असा मोह साहजिक होता. ब्राझीलच्या पुढाकाराने १,०१० रुग्णांवर झालेल्या चाचणीत थोडा वेळ फार मोठा दाब देऊन फुप्फुस उघडण्याचा प्रयत्न केला. २०१७ साली निकाल आला. त्या गटात मृत्यू ५५.३ टक्के, तुलनेच्या गटात ४९.३. बळजोरीने उघडलेले फुप्फुस रुग्णाला महाग पडले. याउलट क्लोद गेराँ यांनी मुख्यतः फ्रान्समध्ये ४६६ रुग्णांवर केलेला, २०१३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. रुग्णाला दिवसातले सोळा तास पालथे झोपवले. २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. पालथे झोपवल्याने पाठीकडचा मिटलेला भाग उघडतो आणि ताण सगळीकडे वाटला जातो. करोनाच्या काळात आपल्याकडच्या नर्सनी, वॉर्डबॉयनी, निवासी डॉक्टरांनी पीपीई किटमध्ये घामाने निथळत हे केले. एका जड रुग्णाला नळी न निसटता पालथे करायला चार-पाच माणसे लागतात. त्या काळात व्हेंटिलेटर किती आले, याची मोजदाद रोज वर्तमानपत्रांत छापून येई. पालथे करणारे हात किती आहेत, ते कुणी मोजले नाही. मला त्या हातांविषयी अपार आदर आहे, आणि तो इथे बोलून दाखवणे मी कर्तव्य समजतो.

कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांचे काम आपल्या ग्रामीण भागात अजूनही चालू आहे, हेही सांगायला हवे. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, स्नायू लुळे पडतात, श्वास थांबतो. फुप्फुस मात्र निरोगी असते. विषाचा अंमल उतरेपर्यंत श्वास चालू ठेवला, तर माणूस चालत घरी जातो. १०८ची गाडी मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत कुणीतरी अंबू बॅग दाबत असते, कधी सिस्टर, कधी नातेवाईकच. मोठ्या माणसाच्या या पिशवीत सुमारे दीड लिटर हवा मावते. दोन्ही हातांनी, भीतीच्या भरात, ती पूर्ण दाबली तर गरजेच्या दुप्पट हवा सहज जाते. एका हाताने, छाती उचललेली दिसेल एवढीच, पाच-सहा सेकंदांनी एकदा, असे शिकवायला पाच मिनिटे पुरतात. आशाताईंपासून रुग्णवाहिकेच्या चालकापर्यंत सर्वांना हे शिकवले पाहिजे.

शेवटी तीन मागण्या. माझ्या व्यवसायबंधूंना विनंती, की व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर तीन गोष्टी लिहिल्या जाव्यात : उंची, उंचीवरून काढलेला श्वास, आणि दर पाळीला मोजलेले प्लॅटो प्रेशर. दानशूर मंडळींना आणि संस्थांना विनंती, की व्हेंटिलेटर भेट द्याल तेव्हा तो चालवणाऱ्या नर्सच्या प्रशिक्षणाचा आणि पगाराचाही विचार करा. कोरी उंची आणि न मोजलेला दाब हे दोष यंत्राच्या किमतीने भरून निघत नाहीत.

तिसरी मागणी तुमच्याकडे, श्रोत्यांकडे. "डॉक्टर, सॅच्युरेशन नव्वदच का दाखवतंय? मशीन वाढवा ना," असे आम्हाला रोज कुणीतरी म्हणते. हे म्हणण्यामागचे प्रेम मी जाणतो. पण २०००च्या चाचणीत लहान श्वासाच्या रुग्णांसाठी ८८ ते ९५ हीच पातळी ठरवलेली होती, आणि त्या रुग्णांतलेच जास्त लोक घरी परतले. नव्वदवर थांबलेला डॉक्टर हयगय करत असेलच असे नाही. आकडा वाढवायचा दबाव आल्यावर नवखा निवासी डॉक्टर मध्यरात्री श्वास मोठा करून मोकळा होतो, आणि त्याची किंमत पुढच्या आठवड्यात रुग्ण मोजतो. म्हणून नव्वदचे शंभर करा असे म्हणण्याऐवजी विचारा, "उंची मोजली का? प्लॅटो किती आहे?" हे दोन प्रश्न ज्या रुग्णालयात नातेवाईक विचारू लागतील, तिथे ते आकडे कागदावर लिहिले जातील. आणि आकडा रोज कागदावर लिहावा लागला, की तो खाली आणण्याचा विचारही रोज करावा लागतो.